नॉटपेड पाकीट

मेढ्याहून टपालाची पिशवी घेऊन सयाजी साडेदहाला आला, की तळवशीचं पोस्ट सुरू व्हायचं. पोस्ट म्हणजे दीपमालाच्या घराची पुढची खोली. एक टेबल, एक लोखंडी पेटी, दहा किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि दाराशी लोकांना टेकायला लाकडी बाकडं. आधी ही नोकरी तिच्या सासऱ्यांची, नाथाजींची होती. ते थकले आणि काही वर्षांनी दहावीच्या मार्कांवर ती दीपमालाला मिळाली. नवरा पुण्याला कंपनीत, त्यामुळे घरात ती आणि सासरे, दोघंच.

त्या सोमवारी सयाजीने पिशवीतून एक खाकी पाकीट वेगळं काढलं.

"ह्ये नॉटपेड हाय बगा. साठ रुपये वसूल करायचेत."

दीपमालाने पाकीट हातात घेतलं. नॉटपेड पाकीट तिच्या नोकरीत पहिल्यांदाच येत होतं. आता लोक काउंटरवर वजन करून पैसे भरतात. पेटीत तिकीट लावून टाकणारा विरळाच. पाकिटावर दहा रुपयांची तिकिटं होती. वरच्या ऑफिसात कुणीतरी वजन करून बाजूला निळ्या पेनने एकशे साठ ग्रॅम लिहिलं होतं. जेवढं तिकीट कमी, त्याच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याने द्यायचे, असा नियम. नाव होतं चंद्राबाई मानसिंग यांचं. पाठवणारा सांगलीचा, कुणी निजाम, जुन्या वस्तूंचं दुकान.

सयाजी गेल्यावर तिने सहज पाकीट काट्यावर ठेवलं. काट्याने चारशे दहा ग्रॅम दाखवलं.

तिने पाकीट उचललं, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. चारशे दहा. पाकीट तर पातळ होतं. आत पुठ्ठा आणि त्यात काहीतरी चपटं, बोटभर लांबीचं. त्याला एवढं वजन असायचं काही कारण नव्हतं. काटा बिघडला असेल म्हणून तिने साखरेचा अर्ध्या किलोचा पुडा ठेवून पाहिला. काटा बरोबर होता.

चंद्राबाईचं घर वरच्या आळीला, चढाच्या शेवटी. दुपारी दीपमाला पाकीट घेऊन गेली, तर ओट्यावर मानसिंग एकटाच बसलेला. वय साठीचं, मिलिटरीतून हवालदार होऊन परत आलेला, अजून पाठीचा कणा ताठ.

"काकी न्हाईत, तात्या?"

"मोतिबिंदूचं आपरेशन झालंय तिचं. साताऱ्याला भाचीकडं हाय, रेश्माकडं. काय आलंय?"

"त्यांच्या नावचं टपाल. तिकीट कमी लावलंय, साठ रुपये द्यायला लागतील."

त्याने पाकीट न घेता नुसती मान पुढे काढून वाचलं. 'सांगली' या शब्दापाशी त्याची नजर थांबली.

"आमाला नगं. परत लावून दे."

"आवं, पन नाव काकींचं हाय. मोबाईलवरनं काय तरी मागवलं असंल त्यांनी."

"मी घरचा मालक सांगतोय न्हवं? घेण्यास नकार म्हनून लिव्ह आन् धाड माघारी."

तो उठून आत गेला आणि दार लावून घेतलं. फेब्रुवारीचं ऊन, भर दुपार, आणि दाराला आतून कडी घातल्याचा आवाज आला. दीपमाला उतारावरून परत निघाली, तेव्हा तिला हात बदलावा लागला. येताना पाकीट दोन बोटांत धरून आणलं होतं. आता मनगट अवघडत होतं.

नियम तिला ठाऊक होता. ज्याचं नाव, त्यानेच नाकारायला हवं. तोवर पाकीट सात दिवस पोस्टात ठेवता येतं. तिने ते लोखंडी पेटीत टाकलं, कुलूप लावलं आणि वहीत नोंद केली.

मंगळवारी सकाळी पेटी उघडली तेव्हा खोलीत ओल्या केसांचा वास आला. शिकेकाईने न्हाऊन कुणी पाठमोरं उभं राहावं तसा. पाकीट कोरडंच होतं. काट्यावर एक किलो तीनशे.

तिने पाकिटावरच्या नंबरवर फोन लावला.

"व्हय मॅडम, मीच निजाम," पलीकडून आवाज आला. "पोचलं का पाकीट?"

"पोचलंय, पन नॉटपेड. तुमी तिकीट कमी लावलंय."

"असं कसं हुईल? माझ्याकडं सराफाचा काटा हाय. वस्तू चौदा ग्रॅम, पुठ्ठ्यासकट बावीस. बावीसला लागतंय तेवढं तिकीट लावलंय. खरं तर मी कुरिअरच करनार हुतो, पन त्यांची भाची म्हनली, तिकडं वाडीवर कुरिअर येत न्हाई, साध्या टपालानं धाडा. फोटो काढलाय काट्यावरचा, धाडू?"

फोटो आला. काट्यावर हेच पाकीट, हीच तिकिटं, आणि आकडा बावीस.

"आत काय हाय, भाऊ?"

"टाक हाय, मॅडम. चांदीचा. सवतीचा टाक असतो न्हवं, त्यो. एका भांडीवाल्याकडनं आलेला. तीन-चार वर्सं दुकानात पडून हुता. मी ऑनलाइन फोटो टाकला आन् त्या काकींनी वळखला. कोपऱ्याला चेप हाय म्हनल्या, आमचाच हाय." मग त्याचा आवाज खाली आला. "एक सांगू का? राग मानू नका. त्यो टाक गेल्यापास्नं दुकान मोकळं मोकळं वाटतंय. आमची जरिना रोज दुकान झाडती, ती पन म्हनली, कोन तरी उठून गेल्यासारखं वाटतंय."

दीपमालाने फोन ठेवला. सवतीचा टाक तिने माहेरी एका चुलतीच्या गळ्यात पाहिला होता. पहिली बायको वारली आणि नवऱ्याने दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालायचा. चांदीचा पातळ पत्रा, त्यावर बाईची आकृती. सकाळी कुंकू आधी टाकाला, मग आपल्या कपाळाला. नवं लुगडंही आधी तिला दाखवायचं, मग नेसायचं. मेलेलीला घरातली जागा द्यायची, म्हणजे ती दुखवत नाही.

चंद्राबाई मानसिंगची दुसरी होती, हे तिला आज कळलं. लग्न होऊन या गावात येऊन तिला अठरा वर्षं झाली होती. काकींच्या गळ्यातला काळा दोरा तिने पाहिला होता, पण त्यात ओवलेलं काही पदराबाहेर कधी आलं नव्हतं, आणि पहिलीचं नाव कधी कुणी तिच्यासमोर काढलं नव्हतं.

बुधवारी पाकीट पेटीत नव्हतं. कुलूप जसंच्या तसं, किल्ली तिच्या कमरेला. पाकीट दाराजवळच्या बाकड्यावर होतं, अगदी कडेला, पत्त्याची बाजू वर. तिने ते उचलायला एक हात घातला आणि मग दुसराही घालावा लागला. काट्याने चार किलो आठशे दाखवलं, आणि आकडा तिच्या डोळ्यांदेखत वर सरकत राहिला. तिने घाईने ते उतरवून पुन्हा बाकड्यावर ठेवलं.

नाथाजी रोज सकाळी त्या बाकड्यावर चहा घेत बसायचे. त्या दिवशी कप घेऊन ते उंबऱ्यातच उभे राहिले.

"बसा की, आबा."

"तितं नगं," म्हातारा म्हणाला. "बसलंय तितं कोन तरी."

बाकडं रिकामंच होतं. पण दीपमालाही त्यानंतर तिथे बसली नाही. पोस्टात येणारे लोकही त्या दिवशी बाकड्यापाशी जाऊन उगाच बाजूला होत होते आणि उभ्यानेच काम उरकत होते. त्यांचं त्यांनाही उमगत नव्हतं.

गुरुवारी मानसिंग खाली आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. खिशातून साठ रुपये काढून त्याने टेबलावर ठेवले.

"दे त्ये पाकीट. मी घेतो."

"तात्या, तुमीच म्हनला हुता..."

"म्हनलो असंल. आता देतोय न्हवं पैसं?"

"घेऊन काय करनार?"

"काय बी करंन. डोहात टाकंन. तुला काय करायचंय?"

दीपमाला काही बोलायच्या आत त्याने बाकड्यावरच्या पाकिटाला हात घातला. पाकीट हललं नाही. त्याने दोन्ही हातांनी धरलं, गुडघे वाकवले, गळ्याच्या शिरा फुगल्या. वीस-वीस किलोची पाठपिशवी घेऊन डोंगर चढलेला गडी तो. कागद फाटला नाही, दुमडला नाही, जागचा हलला नाही. मग मानसिंगचा चेहरा एकदम उतरला. तो पाकिटावर कान टेकवल्यासारखा वाकून राहिला आणि हळूहळू मागे सरकला.

"कोन हाय आत?" त्याने विचारलं. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

तो पैसे तिथेच टाकून बाहेर पडला आणि चढ चढून जाताना दोनदा थांबून मागे पाहत राहिला.

नाथाजी हे सगळं आतल्या दारातून बघत होते. दीपमालाने साठ रुपये उचलून वेगळ्या पाकिटात ठेवले, मानसिंगला परत द्यायला. मग ती म्हाताऱ्यासमोर जमिनीवर बसली.

"आबा, तुमाला म्हाईत हाय. सांगा."

नाथाजींनी हात चोळले.

"तिचं नाव हौसा," ते म्हणाले. "सांगलीकडची. लगीन झालं आन् वर्साच्या आत तिला माहेरी धाडली. तिच्या बापानं कबूल केलेलं पुरं दिलं न्हाई म्हनून मानसिंगाचा बाप अडून बसला. राहिलेलं घिऊन ये, मगच घरात घेतो. मानसिंग तवा मिलिटरीत. सुट्टीवर आला तरी बापाम्होरं तोंड उघडायचा न्हाई. मग तिची पत्रं यायला लागली. तिकीट न लावता. पोरीकडं तिकिटाला पैसं कुठलं? नॉटपेड यायची. मी वर न्यायचो. दोन रुपये द्यायला लागायचं. म्हातारा म्हनायचा, नकार लिव्ह. मी ह्या हातानं लिवायचो. घेण्यास नकार. तीन पत्रं आली, तिन्ही माघारी गेली."

"तुमी दोन रुपये..."

"भरू शकलो असतो. खिशातलं दोन रुपये भरून पत्र मानसिंगाच्या हातात दिलं असतं तर काय बिघडलं असतं? पन मी नियमावर बोट ठिवून राह्यलो." त्यांचे डोळे वाहत होते, पण आवाज हलत नव्हता. "चवथ्या खेपेला पत्र आलं न्हाई. ती आली. मेढ्यापास्नं चालत. ह्याच बाकड्यावर बसली. इचारलं, दादा, माजी पत्रं वाचली का हो त्यांनी? मी काय सांगनार? न्हाई म्हनलो. पानी प्याली आन् वर गेली. मानसिंग तवा घरात हुता, सुट्टीवर. दार उघडलं न्हाई. दिवसभर ती पायरीवर बसलेली लोकांनी बघितली. दुसऱ्या दिवशी न्हवती. तिसऱ्या दिवशी डोहात सापडली. पाय घसरला म्हनले. सगळेच तसं म्हनले."

बाहेर कुणाची तरी गाय हंबरली. दीपमालाने बाकड्याकडे बघायचं टाळलं, आणि आपण टाळतोय हे जाणवून आणखी भ्यायली.

"मग चंद्राकाकींनी टाक घातला?"

"लगीन झाल्यापास्नं. सव्वीस-सत्तावीस वर्सं. मग मानसिंगानं एक दिवस तिच्या गळ्यातनं तोडून भांडीवाल्याला इकला. का, ते त्यालाच ठावं."

त्या संध्याकाळी दीपमालाने साताऱ्याला रेश्माला फोन लावला आणि एवढंच सांगितलं, की काकींचं टपाल आलंय, त्यांनी स्वतः यायला हवं. पलीकडे थोडी कुजबुज झाली आणि मग चंद्राबाईच फोनवर आल्या.

"आली व्हय ती?" त्यांनी विचारलं. "तिला म्हनावं, शनिवारी येते. डाक्टर सोडत न्हाई तोवर."

फोन बंद झाल्यावर दीपमालाने मनाचा हिय्या केला, बाकड्याकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाली, "काकी शनिवारी येनार हायत."

शुक्रवारी बाकड्याचा एक पाय जमिनीत दोन बोटं रुतला. पण तो ओल्या केसांचा वास कमी झाला होता आणि दीपमालाला आदल्या दिवसाइतकी भीती वाटली नाही. घरात वाट बघणारं माणूस असावं तसं काहीसं वाटत होतं. नाथाजींनी आपल्या कपातला पहिला घोट घेण्याआधी एक पाण्याचा तांब्या नेऊन बाकड्याशी ठेवला. दुपारी दीपमालाने पाहिलं तर तांब्या अर्धा होता. उन्हाने आटलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. सावलीतला तांब्या एवढा कसा आटेल, हे विचारायला ती थांबली नाही.

शनिवारी अकराला चंद्राबाई आल्या. डोळ्यांना काळा चष्मा, हातात औषधांची पिशवी. एसटीतून उतरून घरी न जाता त्या सरळ पोस्टात आल्या. त्यांनी पदराची गाठ सोडून साठ रुपये मोजले.

नाथाजी पुढे झाले. "चंद्रा, ह्ये पैसे मला देऊ दे. माझ्याकडनं राह्यलेत."

"न्हाई बाबा," त्या म्हणाल्या. "ह्ये माझ्याकडनं. तुमचं तुमी तिला सांगा, ती हितंच हाय."

म्हाताऱ्याने बाकड्यासमोर जाऊन हात जोडले. ओठ हलले, पण ते काय बोलले, हे कुणाला ऐकू आलं नाही.

चंद्राबाईंनी सही केली. मग त्या बाकड्यापाशी बसल्या आणि पाकिटाखाली हात घातले. थकलेल्या माणसाला बगलेत धरून उठवतात, तसं त्यांनी ते उठवलं. पाकीट उठलं. पण त्यांचा तोल गेला, तसं दीपमालाने धावत जाऊन दुसऱ्या बाजूने धरलं.

वरच्या आळीचा चढ एरवी पाच मिनिटांचा. त्या दिवशी अर्धा तास लागला. दोघींच्या हातांत मिळून एक खाकी पाकीट, आणि दोघी घामाघूम. बघणाऱ्यांना काय वाटत असेल, या विचाराने दीपमालाने मान वर केली, तर ओट्या-ओट्यांवरच्या म्हाताऱ्या बायका उभ्या राहिल्या होत्या. कुणी हसलं नाही. एकीने डोक्यावर पदर ओढून घेतला.

"टाक घरात न्हवता त्या चार वर्सांत मला झोप न्हाई लागली," चंद्राबाई वाटेत धापा टाकत सांगत होत्या. "गळा मोकळा झाला म्हनून न्हवं. ती कुटं असंल, हाच घोर. सकाळी कुंकू लावायला बसले की बोट हवेतच थांबायचं. सवत म्हनत्यात तिला. पन त्या घरात मी कवा रडले, कवा उपाशी निजले, ह्ये तिच्याशिवाय कुनाला म्हाईत हाय?"

शेवटच्या वळणावर दीपमालाला वाटलं, वजन कमी होतंय. कमी नव्हे, ते स्वतःहून चालतंय. दोघींच्या पावलांमध्ये तिसरं पाऊल पडतंय, जरा मागून, जरा संकोचून. तिने खाली पाहिलं नाही.

मानसिंग दारात उभा होता. दोन्ही हात चौकटीला लावून.

"चंद्रा," तो म्हणाला. "आत आनू नगंस. मी सांगतोय."

"का?"

त्याने चौकट आणखी घट्ट धरली.

"टाक का इकला, ते तरी सांगा," चंद्राबाई म्हणाल्या. "आज ह्या पोरीम्होरं सांगा."

मानसिंगची हनुवटी हलत होती. "ती बघायची. तू झोपलीस की तुझ्या गळ्यातनं माझ्याकडं बघायची. काय बोलायची न्हाई. नुसती बघायची."

"मग बोलायचं हुतं तुमीच."

"काय बोलू?"

"त्या दिवशी दाराआडनं जे बोलला न्हाई, त्ये."

हात भरून आले होते, पण पायरीवर पाकीट खाली ठेवायचं धाडस दीपमालाला होईना. त्या पायरीवर तर अजिबात नाही. मग मानसिंगचे हात चौकटीवरून एकेक करून खाली आले. तो बाजूला झाला. कवायतीत उभा राहतो तसा भिंतीला पाठ लावून, नजर जमिनीवर.

"ये," तो म्हणाला. एवढंच.

दोघींनी उंबरा ओलांडला आणि दीपमालाच्या हातातलं सगळं वजन एका क्षणात गेलं. इतकं अचानक, की तिचे हात वर उडाले. चंद्राबाईंच्या तळव्यावर बावीस ग्रॅमचं एक पाकीट होतं. त्यांनी ते फाडलं, टाक काढला, पदराने पुसला, आणि देव्हाऱ्यातल्या कोयरीतून बोटावर कुंकू घेऊन त्या छोट्या आकृतीच्या कपाळाला लावलं. त्यानंतर स्वतःच्या.

मानसिंग आत आला नाही. तो त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून होता, असं शेजारच्यांनी सांगितलं.

पुढे महिना-दीड महिन्याने चंद्राबाई आपल्या खात्यातले पैसे काढायला पोस्टात आल्या. चेहरा भरला होता. काळ्या दोऱ्यात ओवलेला टाक गळ्यात होता. दीपमालाने मशीनवर अंगठ्याचा ठसा घेतला, पैसे दिले, आणि न राहवून विचारलं, "झोप लागती का आता, काकी?"

"लागती की. लय चांगली लागती."

"आनि ती?"

चंद्राबाईंनी मागे वळून दाराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. त्या टेबलावर जरा वाकल्या.

"बोलत न्हाई. पन सकाळी मी चूल पेटवायला उठते न्हवं, तवा राख आदीच भरून ठेवलेली असती. रोज. मी आता फक्त लाकडं लावते."

"आन् तात्या?"

"त्ये लवकर उठत्यात. अंथरुनावर पडून चुलीकडचा आवाज ऐकत्यात. मी म्हनते, उठून बगा की एकदा. तर म्हनत्यात, नगं, ती लाजंल." चंद्राबाईंनी पैसे पदरात बांधले. "काल मातुर त्यांनी रातच्यालाच लाकडं फोडून चुलीपाशी रचून ठेवली. मी ठेवा म्हनले न्हवते."

त्या उठल्या आणि उन्हात बाहेर पडल्या. दाराशी पोचल्यावर त्या क्षणभर बाजूला झाल्या, वाट दिली, आणि मग स्वतः निघाल्या.